आखाड्याबाहेरचे आयुष्य

चैत्र-वैशाखात मुळशी तालुक्यातील गावोगावी जत्रांचा हंगाम सुरू होतो. पौडच्या पुढे धरणाच्या परिसरातील माले असो, की आसपासचे दुसरे कोणतेही मावळी गाव असो, देवाची पालखी मिरवून आली की लोकांची पावले कुस्त्यांच्या फडाकडे वळतात. हलगी कडाडू लागते. प्रथम रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. आठदहा वर्षांची पोरे लंगोट सावरीत एकमेकांना भिडतात आणि बघ्यांची करमणूक होते. मग हळूहळू इनामाची रक्कम वाढत जाते आणि दिवस कलताना मानाची कुस्ती लागते. जिंकणाऱ्याला खांद्यावर घेऊन मैदानभर फिरविले जाते, फेटा बांधला जातो, हातात नोटा कोंबल्या जातात. हरलेला मल्ल मात्र अंगावरची माती झटकीत कडेकडेने निघून जातो. त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. विचार करावयाचा तो त्याचाच.

मुळशी आणि कुस्ती यांचे नाते जुने आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची उभारणी करणारे मामासाहेब मोहोळ याच तालुक्याचे. ज्या ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाचे स्वप्न राज्यातील प्रत्येक तालमीत पाहिले जाते, तो १९६१ पासून दिला जाऊ लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे झालेल्या स्पर्धेत हा किताब मुळशीच्याच पृथ्वीराज मोहोळ या तरुण मल्लाने पटकाविला, तेव्हा तालुक्याला झालेला आनंद स्वाभाविक होता. त्याच स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून रण माजले, पंचाला मारहाण झाली आणि दोन नामवंत मल्लांवर बंदीची कारवाई झाली, हेही सर्वांच्या स्मरणात आहे. त्या प्रकाराचा निषेध झाला आणि तो योग्यच होता. परंतु एका गुणासाठी, एका पंचाच्या इशाऱ्यासाठी एवढा संताप का उफाळावा, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ज्या व्यवस्थेत पहिल्याला सर्व काही आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही, त्या व्यवस्थेत एका निर्णयावर संबंध आयुष्य टांगलेले असते. हा केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. तो अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

शरीर हेच भांडवल

कुस्तीला खेळ म्हणण्याची पद्धत आहे. पण ज्या घरातील मुलगा तालमीत घातला जातो, त्या घराच्या दृष्टीने ती एक दीर्घ मुदतीची गुंतवणूक असते. मुलगा दहाबारा वर्षांचा झाला की त्याची तालमीत रवानगी होते. पुढील दहाबारा वर्षे तो काही मिळवीत नाही, उलट त्याच्यावर खर्च होत राहतो. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण, फळे असा खुराक काही साध्या मजुरीवर चालत नाही. समजा, हा खर्च दिवसाला अवघा पाचशे रुपये धरला, तरी वर्षाला तो १,८२,५०० रुपये होतो आणि दहा वर्षांत सव्वाअठरा लाखांच्या घरात जातो. यात तालमीतील राहणे, प्रवास आणि दुखापतींवरील औषधोपचार धरलेले नाहीत. आणि ज्याचा हिशेब कोणीच मांडत नाही, तो खर्च म्हणजे बुडालेले शिक्षण. पहाटे चारला उठून जोर-बैठका काढणाऱ्या आणि संध्याकाळी पुन्हा लढतीला उतरणाऱ्या मुलाकडून दुपारी वर्गात बसून बीजगणित शिकण्याची अपेक्षा करणे हे फारसे वास्तवाला धरून होत नाही.

या गुंतवणुकीतून उभे राहणारे भांडवल म्हणजे मल्लाचे शरीर. कारखानदार यंत्र विकत घेतो तेव्हा ते किती वर्षे चालणार याचा अंदाज बांधतो आणि दरवर्षी घसाऱ्यापोटी काही रक्कम बाजूला काढतो. यंत्र निकामी झाले तरी कारखाना बंद पडू नये, हा त्यातील हेतू. मल्लाच्या शरीराचाही घसारा होतो. किंबहुना यंत्रापेक्षा तो लवकर होतो. गुडघे, खांदे आणि मान ही कुस्तीगिराची कमकुवत ठाणी. तिशीच्या आसपास बहुतेकांची उमेद ओसरते. चिरडून गोळा झालेले कान तेवढे जन्मभर सोबत राहतात. साठ वर्षांच्या आयुष्यात कमाईची वर्षे सातआठ, आणि त्यांतही कमाई जिंकेल त्याचीच. यंत्रासाठी घसारा निधी असतो. मल्लासाठी मात्र कोणताही निधी नसतो. खुराक बंद झाला तरी भूक एकदम कमी होत नाही आणि व्यायाम सुटला की तेच कमावलेले शरीर रोगांचे घर बनते, हे तालमीतील प्रत्येक जुना वस्ताद सांगेल.

आश्रयाचा इतिहास

पूर्वी ही जोखीम मल्ल एकट्याने वाहत नसे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला जो आश्रय दिला, तो केवळ हौसेपोटी नव्हता. खासबाग मैदान त्यांनी उभे केले. त्याबरोबरच तालमींना आणि मल्लांना दरबारचा आधार मिळाला. संस्थाने विलीन झाली आणि तो आधार तुटला. पुढे पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी काही काळ त्याची जागा घेतली. मानधनावर मल्ल पोसले, मोठी मैदाने भरविली. परंतु आश्रय हा शेवटी आश्रयदात्याच्या मर्जीवर आणि त्याच्या ताळेबंदावर अवलंबून असतो. तो हक्क नसतो. कारखाना तोट्यात गेला की पहिली कात्री मानधनाला लागते.

या संदर्भात खाशाबा जाधव यांची हकिगत पुन्हा आठवून पाहण्यासारखी आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ मध्ये जन्मलेला हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीऐवजी गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावाने वर्गणी गोळा केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तथापि मिरवणूक संपल्यानंतर पुढे काय, याचे उत्तर लवकर मिळाले नाही. पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली ती १९५५ मध्ये. १९८४ मध्ये अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव दिले गेले ते २०१० मध्ये. ज्या देशाला पदक हवे होते, त्या देशाच्या वतीने जोखीम उचलली ती एका प्राचार्याच्या घराने. पदकाचा मान राष्ट्राचा आणि कर्ज मात्र व्यक्तीचे, असा हा व्यवहार होता.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. राज्य शासनाने त्याला एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्या रकमेची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, स्वप्नील २०१५ पासून रेल्वेच्या नोकरीत होता. म्हणजे पदकाच्या नऊ वर्षे आधीपासून त्याच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येत होता. उद्याची चिंता नसली म्हणजे आज हात स्थिर राहतो. पदकानंतरचा कोटी हा गौरव झाला. पदकापूर्वीचा पगार ही खरी गुंतवणूक होती. हा फरक धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात येईल तो सुदिन.

मुळशीची दुहेरी हानी

मुळशीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी बिकट होतो, याचे कारण तेथील जमिनीच्या इतिहासात आहे. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधावयास घेतले, तेव्हा भातखाचरे बुडणार म्हणून मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह पुकारला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली तो लढा १९२४ पर्यंत चालला आणि अखेर हरला. धरण झाले, पाणी कोकणच्या बाजूला भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळले आणि पन्नासहून अधिक गावांचे शिवार बाधित झाले. पुढे पाऊण शतकाने तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी येथे संगणक उद्योगांची नगरी उभी राहिली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. पहिल्या वेळी जमीन सक्तीने गेली, दुसऱ्या वेळी ती बहुतांशी राजीखुशीने गेली. परंतु दोन्ही वेळा जमिनीची जागा घेणारे उत्पन्नाचे कायम साधन घरात आले नाही. आलेला पैसा बंगल्यात, मोटारीत आणि लग्नसमारंभांत विरला.

जमीन गेलेल्या घरातील तरुणाकडे मग उरते काय? शिक्षण अपुरे, नोकरीचा पत्ता नाही, आणि कमावलेले शरीर मात्र तयार. या शरीराला गिऱ्हाईक असते. जमिनीचे ताबे घेणाऱ्याला ते हवे असते, निवडणुकीत धाक दाखवू पाहणाऱ्याला हवे असते, हॉटेलच्या दारात उभे करण्यासाठी हवे असते. २०१८ मध्ये आलेल्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमीन विकून बसलेल्या तरुणांची ही घसरण पडद्यावर आणली आणि तो शब्दप्रयोग बोलभाषेत रूढ झाला. सर्वच मल्ल या वाटेला जातात असे म्हणणे हा त्यांच्यावर घोर अन्याय होईल. तालमीची शिस्त हीच अनेकांना या वाटेपासून दूर ठेवते. परंतु तालीम सुटल्यावर ती शिस्त कोणत्या कामाला जुंपावयाची, याचे उत्तर समाजाने दिले नाही, तर दुसरे कोणी तरी ते देते, हे नाकारून चालणार नाही.

सातासमुद्रापलीकडचा एक धडा

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळावयाचे आणि प्रतिपक्षाने अंगावर कोसळून अडवावयाचे, असा तो खेळ. त्यात बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा ‘लाइनबॅकर’ असतो. चेंडू घेऊन येणाऱ्याला छातीवर घेऊन जमिनीवर पाडणे हे त्याचे मुख्य काम. कबड्डीतील पकड करणारा गडी आणि आखाड्यातील मल्ल यांचे मिश्रण म्हणजे लाइनबॅकर, असे म्हणावयास हरकत नाही. व्यावसायिक स्पर्धांत अशा खेळाडूची सरासरी कारकीर्द तीनचार वर्षांपेक्षा अधिक नसते, असे तेथील खेळाडूंची संघटना सांगत आली आहे.

ज्युनिअर सेऊ हा या जागेवरचा एक विख्यात खेळाडू. १९९० पासून वीस मोसम तो खेळला, म्हणजे सामान्य खेळाडूच्या कित्येक पट. निवृत्तीनंतर थोड्याच काळात, मे २०१२ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. मृत्यूनंतरच्या तपासणीत डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा विकार त्याला जडला होता, असे निष्पन्न झाले. पैसा होता, कीर्ती होती, आणि तरीही आखाड्याबाहेरचे आयुष्य त्याला पेलले नाही. श्रीमंत देशातही शरीराचा घसारा चुकत नाही.

मात्र येथेच दोन देशांतील फरक दिसू लागतो. मेंदूच्या दुखापतींबद्दल माजी खेळाडूंनी न्यायालयात धाव घेतली आणि २०१५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार भरपाईपोटी कोट्यवधी डॉलरांचा भार व्यावसायिक संघांच्या मंडळाला उचलावा लागला. तीन मोसम खेळलेला खेळाडू तेथे निवृत्तिवेतनाला पात्र ठरतो. उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा खेळाडूंना द्यावयाचा, असा करार आहे. हे सर्व मालकांच्या उदारपणातून आलेले नाही. १९८२ आणि १९८७ मध्ये खेळाडूंनी संप केले, संघटना टिकविली आणि वाटाघाटींच्या मेजावर आपली जागा मिळविली. आपल्याकडे स्पर्धा भरविणाऱ्यांच्या परिषदा आहेत, त्यांच्यातील गटबाजीही आहे. पण मल्लांच्या बाजूने सौदा करणारी संघटना नाही. २०२३ मध्ये ऑलिंपिक पदके मिळविलेल्या मल्लांना दिल्लीत जंतरमंतरवर रस्त्यावर बसावे लागले, ते गाऱ्हाणे ऐकणारी विश्वासाची जागा त्यांना उरली नव्हती म्हणूनच.

आक्षेप आणि उत्तर

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, शासन काहीच करीत नाही असे नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, जुन्या किताबधारकांना मानधन मिळते आणि जानेवारी २०२३ मध्ये ते वाढविण्याची घोषणाही झाली. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे हे मल्ल पोलीस उपअधीक्षक झाले. हे खरे आहे आणि स्वागतार्हही आहे. परंतु ही सर्व योजना शिखरावर पोहोचलेल्यांसाठी आहे. आरक्षणाची अट पदकाची, मानधनाची अट किताबाची. वर्षाला किताब एक आणि तालमीत घाम गाळणारे हजारो. शिवाय जेथे एका कागदावर नोकरी अवलंबून असते, तेथे त्या कागदाचा बाजार भरतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, ती याच कारणाने.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा. खेळ खेळासाठी खेळावा, त्यात पैशाचा विचार आणू नये, असे काही ज्येष्ठांचे म्हणणे असते. ज्याच्या घरी निवृत्तिवेतन येते, त्याला हा विचार परवडतो. दोन एकर भातशेती असलेल्या बापाला तो परवडत नाही. आणि मैदानाच्या कमानीवर पुढाऱ्यांची आणि बांधकाम व्यावसायिकांची छायाचित्रे झळकत असताना पैशाचा विचार फक्त मल्लानेच करू नये, हा आग्रह विचित्र म्हणावा लागेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा गळक्या असताना, दवाखान्यांत औषधे नसताना सार्वजनिक पैसा मल्लांवर का खर्च करावा? याचे उत्तर असे की, मोठा खर्च करण्याची आवश्यकताच नाही. आज जो पैसा या क्षेत्रात खेळतो आहे, त्याचाच एक भाग वळविला तरी पुष्कळ काही साधेल. जत्रेतील आणि मैदानातील प्रत्येक रोख इनामातून समजा पाच टक्के रक्कम मल्ल कल्याण निधीत जमा झाली, तर दहा लाखांच्या एका कुस्तीतून पन्नास हजार रुपये उभे राहतात. त्यात तेवढीच भर शासनाने आणि पुरस्कर्त्यांनी घालावी. या निधीतून प्रत्येक नोंदणीकृत मल्लाचा अपघात विमा उतरविला जावा, आणि ठराविक वर्षे सातत्याने लढलेल्या प्रत्येकाला, किताब असो वा नसो, निवृत्तीच्या वेळी काही एकरकमी साहाय्य मिळावे. इनामाची वाटणीही बदलता येईल. सर्व रक्कम विजेत्याला न देता तिसरा हिस्सा पराभूताला दिला, तर कुस्तीची चुरस कमी होणार नाही. हरणाऱ्याच्या घरची चूल मात्र विझणार नाही.

याहून महत्त्वाचा उपाय शिक्षणाचा आहे. अठरा वर्षांखालील मल्लाला मिळणाऱ्या प्रत्येक साहाय्याला शाळेतील हजेरीची अट असावी आणि तालमीच्या वेळेशी जुळतील असे वर्ग असावेत. मुळशीच्या वेशीवर बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. तेथे निवृत्त मल्लांना मार्गदर्शकाचे रीतसर शिक्षण देऊन ग्रामीण शाळांत नेमता येईल. आज किती तरी शाळांत खेळाचा तास केवळ वेळापत्रकात असतो. एका बाजूला शिकविणारा नाही म्हणून ओस पडलेली मैदाने आणि दुसऱ्या बाजूला काम नाही म्हणून वाया जाणारे कौशल्य, हे चित्र अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर उधळपट्टीचेच ठरेल.

या व्यवहारात शिक्षकांनाही वाटा उचलावा लागेल. तालमीत जाणारा मुलगा मागच्या बाकावर बसतो आणि बहुधा तेथेच सोडून दिला जातो. त्याच्या अंगी असलेली चिकाटी, पहाटे उठण्याची सवय आणि हार पचवून पुन्हा उभे राहण्याची तयारी हे गुण पुढच्या बाकावरच्या किती विद्यार्थ्यांत आढळतात? त्या गुणांना अक्षरांची जोड दिली, तर आखाडा सुटल्यावर त्याला कोणाच्या दारात उभे राहण्याची वेळ येणार नाही.

पुढल्या जत्रेत माले किंवा त्याच्या शेजारच्या गावी पुन्हा हलगी वाजेल आणि रेवड्यांवरच्या कुस्तीला नवी पोरे उतरतील. त्यांतील एखादाच किताबापर्यंत पोहोचेल. बाकीचे कुठे जातील, हे त्यांच्या नशिबावर सोपवावयाचे, की ज्या गावाने टाळ्या वाजविल्या त्याने त्यांची जबाबदारीही घ्यावयाची, हे गावाने आणि शासनाने ठरवावयाचे आहे. जिंकलेल्याला खांद्यावर घेण्यास कोणीही पुढे येतो. हरलेल्याला हात देऊन उठविण्याची रीत मात्र अजून पाडावयाची राहिली आहे.